अकस्मात मृत्यू : एका न लिहिलेल्या कादंबरीची प्रस्तावना

प्रस्तावना लिहायची तर आधी पुस्तक असावे लागते. माझ्यापुढे ते नाही. नगर जिल्ह्यात घडणारी, एकामागून एक खून करत सुटलेल्या माणसाच्या मागावर निघालेल्या पोलिसाची जाडजूड मराठी कादंबरी मला हवी आहे आणि ती अजून माझ्या वाचनात आलेली नाही. म्हणून तिची प्रस्तावना आधीच लिहून ठेवतो. पुढेमागे लेखक भेटला तर त्याने ती खुशाल वापरावी, नाही पटली तर फाडावी. जिल्ह्याचे नाव आता सरकारदरबारी अहिल्यानगर झाले आहे, बोलण्यात नगर टिकून आहे. मीही तेच वापरीन.

कादंबरीचे पहिले पान कसे असावे, हे मात्र मला पक्के ठाऊक आहे. त्यावर रक्त नको, पाऊस नको, मध्यरात्री खणखणणारा फोन तर नकोच. जिल्ह्याच्या पानावर तळाशी येते तशी चार ओळींची बातमी हवी. शेतातल्या विहिरीत पाय घसरून पडल्याने महिलेचा मृत्यू. पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद केली. पुढील तपास हवालदार अमुक करीत आहेत. अशी बातमी आपण रोज वाचतो आणि पान उलटतो. लेखकानेही उलटावे. तीस-चाळीस पानांनी तशीच दुसरी यावी, वेगळ्या तालुक्यातली. मग तिसरी. वाचकाला संशय यावा आणि पुस्तकातल्या पोलिसांना येऊ नये. त्या दोहोंमधल्या अंतरावर अख्खी कादंबरी उभी राहते.

पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूचे वेगळे रजिस्टर असते. बुडालेला, गळफास घेतलेला, विजेचा धक्का बसलेला, साप चावलेला, रस्त्याकडेला सापडलेला बेवारस, सगळे त्यात जातात. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 174 लागे, 1 जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेचे 194 लागते. काम तेच. मयताचा पंचनामा, दोन पंचांच्या सह्या, गरज वाटली तर शवविच्छेदन, व्हिसेरा राखून ठेवला असेल तर प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट आणि शेवटी ‘घातपाताचा संशय नाही’ असा शेरा. यातले बहुतेक शेरे खरेच असतात. माणसे विहिरीत पडतातच. खुन्याला नेमके तेच सोयीचे असते. खोट्या नोटेला खऱ्या नोटांच्या गड्डीइतकी सुरक्षित जागा दुसरी नाही.

मराठीत रहस्यकथेला वाचक कधी कमी पडला नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंझार आणि काळापहाड यांनी दोन पिढ्यांना वाचायची चटक लावली. पुढे गुरुनाथ नाईक आले, सुहास शिरवळकर आले, भाड्याने पुस्तके देणाऱ्या दुकानांवर त्यांच्या नव्या पुस्तकासाठी नंबर लागत. या परंपरेचा मला अभिमान आहे आणि तिच्याबद्दल एक तक्रारही आहे. तिच्यातला पोलीस बहुधा उशिरा येतो. रहस्य उलगडतो तो खाजगी माणूस, त्याच्याकडे गाडी असते, पिस्तूल असते, वेळ तर भरपूर असतो. खुनाला कारण असते, म्हणजे मृत्युपत्र, हिरे, नाही तर बदला. आणि सगळे घडते मुंबईत, फार तर पुण्यात. ज्याने केलेल्या खुनाला वरवर काहीच कारण दिसत नाही, ज्याचा मरणाऱ्याशी काडीचा संबंध नाही, असा खुनी त्या चौकटीत बसत नव्हता.

तो आला इंग्रजी पेपरबॅकमधून. टॉमस हॅरिसचे ‘रेड ड्रॅगन’ 1981 चे, ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स’ 1988 चे. ही पुस्तके उत्तम आहेत, पण त्यांची नक्कल करणाऱ्यांनी जगभर एक साथ पसरवली. खुनी विद्वान झाला. तो संगीत ऐकतो, कोडी घालतो, प्रेताजवळ खूण ठेवतो आणि तपास अधिकाऱ्याशी बुद्धिबळ खेळतो. आपल्याकडच्या वेबमालिकांनी तो उचलला तेव्हा त्याला संस्कृत श्लोक येऊ लागले, एवढाच फरक.

खरे प्रकरण उघडून पाहिले की हा विद्वान कुठे भेटत नाही. बर्लिनच्या खून-तपास विभागाचे प्रमुख एर्न्स्ट गेनाट यांनी 1930 मध्ये ड्युसेलडॉर्फच्या पेटर क्यूर्टेनबद्दल लिहिताना ‘मालिका खुनी’ या अर्थाचा जर्मन शब्द वापरला. गेनाट यांचे खरे काम मात्र शब्दाचे नव्हते. ठिकठिकाणच्या खुनांची माहिती एका जागी आणून, कार्डांवर लावून, हवे तेव्हा हाताशी येईल अशी मांडणी त्यांनी केली. सुटे खून शेजारी शेजारी ठेवले तरच त्यांच्यात मालिका दिसते, हे ओळखलेला हा माणूस होता. मराठी कादंबरीकाराने गुरू करायचाच तर हॅरिसचा हॅनिबल लेक्टर बाजूला ठेवून हा जाडा, केकखाऊ जर्मन कारकून-पोलीस करावा.

आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर रमण राघवपासून सुरुवात करावी लागते. 1965-66 मध्ये मुंबईच्या पूर्व उपनगरांत, रेल्वेच्या कडेने झोपड्यांत आणि फुटपाथवर झोपलेल्या लोकांवर रात्री बोथट हत्याराने हल्ले झाले. 19 जणांवर वार झाले, त्यांतले 9 दगावले. संशयावरून तेव्हा राघव पोलिसांच्या हाती आलाही होता, पण पुरावा नव्हता, सुटला. 1968 मध्ये हल्ले पुन्हा सुरू झाले. गुन्हे शाखेचे उपायुक्त रमाकांत कुलकर्णी यांनी तपास हाती घेतला. 27 ऑगस्ट 1968 ला उपनिरीक्षक ॲलेक्स फियालो यांनी त्याला पकडले ते पाहणाऱ्यांनी केलेल्या वर्णनाच्या आधारावर. रस्त्यातल्या एका माणसाच्या चेहऱ्याशी डोक्यातले वर्णन जुळले, इतकेच. पुढे तो कितीतरी दिवस गप्प राहिला आणि कोंबडीचे जेवण मिळाल्यावर बोलू लागला. 41 खुनांची कबुली त्याने दिली. 1969 मध्ये फाशीची शिक्षा झाली, मनोविकारतज्ज्ञांच्या मंडळाने त्याला असाध्य मानसिक आजार असल्याचे सांगितल्यावर 1987 मध्ये उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली आणि 1995 मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात मूत्रपिंडाच्या विकाराने तो वारला.

या प्रकरणावर श्रीराम राघवन यांनी सुरुवातीच्या काळात एक छोटा चित्रपट केला, अनुराग कश्यप यांनी 2016 मध्ये त्याच्या नावाचा आधार घेऊन मोठा. दोन्ही खुन्याच्या डोक्यात शिरू पाहतात. मला त्यापेक्षा 1966 ते 1968 मधली मोकळी दोन वर्षे छळतात. सुटलेला माणूस कुठे होता? मेलेले नऊ जण कोण होते? ते झोपडीत झोपले होते एवढीच त्यांची ओळख उरली. जो खुनी उघड्यावर झोपणाऱ्यांना निवडतो त्याने हुशार असण्याची गरज नसते. शहराने त्याचे अर्धे काम आधीच केलेले असते.

त्याच कुलकर्णींना पुढे परभणी जिल्ह्यातल्या मानवतला जावे लागले. 1972 ते 1974 या काळात तिथे बायका आणि लहान मुलींचे खून पडत होते. गुप्तधनाची हाव, मूल व्हावे म्हणून केलेले अघोरी उपाय, गावातला पैसा आणि दरारा असे त्याचे धागेदोरे निघाले. 2024 च्या ‘मानवत मर्डर्स’ या मालिकेत आशुतोष गोवारीकर यांनी कुलकर्णींची भूमिका केली, तेव्हा नव्या पिढीला हे नाव कळले. या प्रकरणातून लेखकाने घ्यायचे ते अघोरी विधी नव्हेत. ते सगळे घेतात. घ्यायचे ते गावाचे मौन. मुंबईत राघवला ओळखणारे कुणी नव्हते. मानवत लहान गाव होते, तिथे ओळखणारे पुष्कळ असणार, बोलणारे कमी होते. एकाच अधिकाऱ्याला दोन ठिकाणी दोन वेगळ्या भिंती लागल्या, एक अनोळखीपणाची आणि एक ओळखीची. नगर जिल्ह्यातल्या तपास अधिकाऱ्याला दोन्ही एकदम लागतील, आणि हा जिल्हा मला हवा आहे तो त्यासाठीच.

पण आधी गोवा आणि दक्षिण कर्नाटक. शिरोड्याच्या महानंद नाईकला 2009 मध्ये अटक झाली आणि 1994 पासूनच्या 16 तरुणींच्या खुनांची नावे बाहेर आली. पद्धत साधी होती. लग्नाचे वचन द्यायचे, दागिने घालून यायला सांगायचे, तिच्याच ओढणीने गळा आवळायचा. पंधरा वर्षे! एवढ्याशा गोव्यात! काही खटल्यांत शिक्षा झाली, बऱ्याच खटल्यांत पुराव्याअभावी तो सुटला. त्याच वर्षी मंगळूर भागात मोहन कुमार हा प्राथमिक शिक्षक सापडला. हुंडा देऊ न शकणाऱ्या घरांतल्या मुलींना तो लग्नाच्या आमिषाने दूरच्या गावी नेई आणि सकाळी बसस्थानकावर गोळी घ्यायला लावी. गोळीत सायनाइड. मृतदेह स्थानकाच्या स्वच्छतागृहात सापडे, गाव दर वेळी वेगळे. त्या गावच्या ठाण्यात अनोळखी महिलेची आत्महत्या म्हणून नोंद होई आणि तिच्या घरच्या गावी मुलगी पळून गेली म्हणून आईबाप तोंड लपवीत. एका वहीत प्रेत, दुसऱ्या वहीत बेपत्ता मुलगी किंवा तीही नोंद नाही. अशा सुमारे वीस जणी.

आणि साताऱ्यात वाईजवळच्या धोमचे प्रकरण. 2016 मध्ये एक अंगणवाडी सेविका बेपत्ता झाली, तिच्यासाठी माणसे हटून बसली आणि तेरा वर्षांत नाहीशा झालेल्या सहा जणांच्या खुनांचा आरोप एकाच इसमावर आला. काही प्रेते शेतात पुरलेली निघाली. इतर पाच वेळा चौकशी तेवढ्या जोराने का झाली नाही, हा प्रश्न मला आरोपीच्या स्वभावचित्रापेक्षा जास्त कादंबरीचा वाटतो.

याच्या उलट पुण्याचे जोशी-अभ्यंकर खून पाहा. 1976-77, दहा बळी, मारेकरी कला महाविद्यालयातले विद्यार्थी. त्या हिवाळ्यात पुणे संध्याकाळी दारे लावून बसत असे, हे अजूनही घराघरांत सांगतात. तिथे मालिका लवकर ओळखली गेली, कारण काही बळी भांडारकर रस्त्यावरच्या बंगल्यातले होते. 27 नोव्हेंबर 1983 ला येरवड्यात चौघांना फाशी झाली. त्यांच्यातल्या मुनव्वर शाहचे तुरुंगातले आत्मकथन पुस्तकरूपाने आले, चित्रपट निघाला, ‘जक्कल’ या माहितीपटाला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. या प्रकरणाबद्दल मराठीत जेवढे लिहिले-बोलले गेले तेवढे बाकी सगळ्या प्रकरणांबद्दल मिळूनही नसेल. कोण मेले यावर खून किती मोठा हे ठरते. हे कादंबरीत कुणा पात्राच्या तोंडी घालू नये, पानांच्या वाटपातून दाखवावे.

आता नगर. क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा, 17 हजार चौरस किलोमीटरच्या वर, तालुके 14. अकोल्याला कळसूबाईच्या पायथ्याशी भात लावतात आणि त्याच आठवड्यात जामखेड-कर्जतकडे माणसे आभाळाकडे पाहत बसलेली असतात. ठाणे, नाशिक, संभाजीनगर, बीड, धाराशिव, सोलापूर, पुणे अशा सात जिल्ह्यांच्या सीमा त्याला लागतात. भूगोलाच्या पुस्तकात ही माहिती कंटाळवाणी असते, पोलिसांच्या भाषेत तिला ‘हद्द’ म्हणतात आणि तिथे ती नाट्यमय होते. गोदावरीच्या अलीकडे प्रेत सापडले तर आपले, पलीकडे सापडले तर त्यांचे. भीमेच्या पात्रात मधोमध सापडले तर दोन ठाण्यांचे अंमलदार दोन काठांवर उभे. दौंड-मनमाड लोहमार्गावर रुळात सापडले तर ते रेल्वे पोलिसांचे. ज्याला हद्दी कळतात त्याला वेगळे लपायची गरज नाही.

मग ऊस. प्रवरेच्या काठी लोणीला 1950 मध्ये विठ्ठलराव विखे पाटलांनी सहकारी साखर कारखाना उभा केला आणि पुढे अख्खा उत्तर भाग उसाखाली गेला. दिवाळीच्या आगेमागे गाळप सुरू झाले की बीडकडून, आणि याच जिल्ह्याच्या पाथर्डी-शेवगाव-जामखेडकडून, तोडणीच्या टोळ्या उत्तरेत उतरतात. उचल घेतलेली असते, मुकादमाच्या वहीत अंगठे असतात. पाच-सहा महिने पाचटाच्या कोप्या, पहाटेची तोड, कारखान्यावर बैलगाड्यांची नाहीतर ट्रॅक्टरची रांग. टोळीतली एक बाई एके सकाळी दिसली नाही तर? गावी गेली असेल. कुणाबरोबर पळाली असेल. मुकादमाला चिंता उचलीची, नवऱ्याला दुसऱ्या कोयत्याची, कारण तोड जोडीवर चालते. तक्रार द्यायची तर कुठे? जिथे कोपी आहे त्या ठाण्यात सांगणार की आपल्या गावच्या? आणि देईपर्यंत फड संपून टोळी पुढच्या गावाला हललेली.

उसाच्या फडात आणखी एक रहिवासी असतो. अकोल्याच्या खोऱ्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात, आसपास जंगल नसतानाही शेतीत आणि वस्तीलगत बिबटे राहतात, पिले वाढवतात, असे दिसून आले. संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर, कोपरगावकडच्या माणसाला त्यासाठी अभ्यासाची गरज नव्हती, त्याला ते कुत्री कमी होतात यावरून कळते. आता विचार करा, फडाच्या बांधावर मानेला जखम असलेले प्रेत सापडले तर पहिला फोन कुणाला जाईल? वनखात्याला. पिंजरा लागेल, रास्ता रोको होईल, पुढारी भेट देतील, भरपाईचे कागद फिरू लागतील. आणि भरपाई मिळायची असेल तर ते काम बिबट्याचेच होते असे म्हणण्यात सगळ्या घराचे हित असते. शवविच्छेदन करणाऱ्या तरुण डॉक्टरला जखमेची कड सुळ्याची वाटत नाही, हत्याराची वाटते. बाहेर दोनशे माणसे उभी आहेत. हे प्रकरण कुणी लिहिले तर मी पुस्तक खाली ठेवणार नाही.

विहिरींचे तर सांगितलेच. त्यात तपासाला उपयोगी पडणारी एक बारीक गोष्ट आहे. पाण्यात डायटम नावाची सूक्ष्म शैवाले असतात, त्यांची कवचे काचेसारखी टणक. जिवंत माणूस बुडताना पाणी श्वासात ओढतो आणि ही कवचे रक्तातून हाडांच्या मगजापर्यंत पोचतात. आधी मारून मग टाकलेल्या देहात ती सहसा त्या प्रमाणात जात नाहीत. शिवाय पाण्यापाण्यातली शैवाले वेगळी. म्हणजे प्रेत निघाले राहुरीतल्या एखाद्या विहिरीतून आणि मगजातली कवचे जुळली मुळा धरणाच्या कालव्याशी, तर बाई बुडाली एकीकडे आणि सापडली दुसरीकडे. या चाचणीवर तज्ज्ञांत वाद आहेत, बचाव पक्षाचा वकील तिच्या चिंधड्या उडवील. उडवू दे. कादंबरीला निकालाइतकीच शंकाही कामाची असते.

शिर्डी वगळून हा जिल्हा लिहिता येणार नाही. देशभरातून माणसे येतात, गर्दीत हात सुटतो, काही जण हात सोडायलाच आलेले असतात. शिर्डीतून बेपत्ता होणाऱ्या माणसांची उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने 2019 मध्ये गंभीर दखल घेतली आणि मानवी तस्करीच्या अंगाने तपास करायला सांगितले. बेपत्ता झालेल्यांपैकी पुष्कळ जण पुढे सापडतात, काही आपल्या मर्जीने निघून गेलेले असतात. पण तक्रार नोंदवणारा भाऊ परराज्यातला, त्याला मराठी येत नाही, सुट्टी दोन दिवसांची, परतीचे आरक्षण काढलेले. इथेही तोच प्रश्न: बेपत्ता नोंदींची वही आणि बेवारस प्रेतांची वही शेजारी शेजारी कोण ठेवणार?

शनिशिंगणापूरला मात्र लेखकाने जाऊ नये. दारे नसलेले गाव, 2011 मध्ये कुलूप नसलेली बँकेची शाखा, 2015 मध्ये आलेले पोलीस ठाणे, इतके तयार नेपथ्य पाहिले की हात शिवशिवतात. बाहेरून आलेला प्रत्येक पाहुणा तिथेच कॅमेरा लावतो. नगरचा लेखक असेल तर तो तिथून मुकाट घोडेगावच्या जनावरांच्या बाजाराकडे वळेल.

तपास करणारा कोण असावा? पोलीस अधीक्षक नको. तो बाहेरून येतो, दोन-तीन वर्षांत जातो. स्थानिक गुन्हे शाखेचा तडफदार निरीक्षक लोकप्रिय होईल, पण त्याच्या मागे पत्रकार परिषदेची घाई असते. मला हवी आहे हवालदार हुद्द्यावरची, पन्नाशीला आलेली, गुडघे दुखणारी बाई. तिची बदली अकोले, राहाता, नेवासे, श्रीगोंदे अशी फिरत गेलेली. स्वतःच्या अक्षरात तिने चार ठाण्यांत अकस्मात मृत्यूच्या नोंदी केल्या आहेत. संगणक आले, गुन्ह्यांच्या नोंदी देशभर जोडणाऱ्या प्रणाली आल्या, बोटांच्या ठशांची राष्ट्रीय साठवण झाली. पण यंत्रात शोधायला आधी काय शोधायचे ते ठाऊक असावे लागते, आणि ‘पाय घसरून’ हे शब्द टाकले तर हजार नोंदी येतात. हिला एक तपशील आठवतो. चप्पल. चारही विहिरींच्या काठावर चपलांचा जोड नीट लावून ठेवलेला होता, आणि चारही पंचनाम्यांत ते तिनेच लिहिले होते. जिचा पाय घसरला ती आधी चपला काढून जोडीने कशाला ठेवील? आत्महत्या म्हणावे तर घरच्यांनी तसे म्हटलेले नाही. ही बाई साहेबांपुढे उभी राहून एवढेच सांगते आणि साहेब म्हणतात, मावशी, तुमची निवृत्ती किती राहिली? येथून कादंबरीने वेग घ्यावा.

स्वीडनमध्ये मे शोवाल आणि पेर वालो या जोडप्याने 1965 ते 1975 या दहा वर्षांत दहा कादंबऱ्या लिहून पोलीस तपास हा थकलेल्या, सर्दी झालेल्या, एकमेकांवर वैतागणाऱ्या माणसांच्या टोळीचे काम असते हे दाखवले. मराठीत ती वाट मोकळी पडून आहे. बंदोबस्त नावाची एकच गोष्ट घ्या. आषाढीच्या दिंड्या, मोहटादेवीची यात्रा, मढीची यात्रा, निवडणुका, मंत्र्यांचे दौरे. हातात धागा आलेला असतो आणि तपासी अंमलदाराला आठ दिवस मढीला गर्दी सांभाळायला जावे लागते. खुन्यालाही कदाचित तीच यात्रा असते.

एक धोका आधीच सांगून ठेवतो. नगरच्या दक्षिण भागात कुठलाही गुन्हा घडला की पहिली गाडी पारध्यांच्या पालावर जाते. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींवर जन्मतः शिक्का मारला, 1952 मध्ये तो कायदा गेला, सवय गेली नाही. कादंबरीत हा प्रसंग यायलाच हवा, कारण तो न येणे खोटे ठरेल. पण तो वाचकाला चकवण्यासाठी वापरायचा फसवा धागा म्हणून येऊ नये. पालावरून उचललेल्या पोराचे पुढे काय झाले, त्याच्या जामिनाला कोण उभे राहिले, खरा माणूस सापडल्यावर त्याची सुटका व्हायला किती महिने गेले, हे लिहिण्याइतकी पाने लेखकाकडे नसतील तर त्याने दुसरा विषय घ्यावा.

खुन्याबद्दल मी मुद्दामच कमी बोललो. त्याच्याकडे फिरतीचे काम असावे, इतके पुरे. मोटार दुरुस्त करणारा, दूध गोळा करणारा, बियाण्याच्या कंपनीचा माणूस, बोअरचा पाणाड्या. ज्याच्या येण्याने कुत्रे भुंकत नाही असा कुणीही. त्याचे बालपण सांगू नये. सांगितलेच तर दोन ओळींत, आणि त्याच बालपणाचे दहा जण गावात सरळ जगताना दाखवावेत.

कबुलीच्या प्रसंगाबद्दल थोडे सविस्तर बोलायला हवे, कारण बहुतेक थरारक कादंबऱ्या तिथेच कोसळतात. अंधारी खोली, टेबलावर मूठ, खुनी हसतो आणि सगळे सांगून टाकतो. आपल्या कायद्यात पोलिसाला दिलेली कबुली पुरावा म्हणून चालत नाही. पूर्वीच्या पुरावा कायद्याचे कलम 25 तेच सांगत होते, आता साक्ष अधिनियमाचे 23 तेच सांगते. चालतो तो फक्त एक तुकडा: त्याने सांगितल्यामुळे जी वस्तू सापडली, तेवढ्यापुरते त्याचे बोलणे. त्यासाठी दोन पंच, निवेदनाचा पंचनामा, जीपने त्या जागी जाणे, वस्तू काढणे, मोहोर लावणे, मुद्देमालात जमा करणे. म्हणजे नाट्य खोलीतून उठून शेताच्या बांधावर येते. खरी चुरस त्या पंचांत आहे. तलाठी कार्यालयातून धरून आणलेला कारकून आणि चहाच्या टपरीवरचा पोरगा. चार वर्षांनी सत्र न्यायालयात ते उभे राहतील तेव्हा काय म्हणतील? त्या पोरग्याचे तोवर लग्न झालेले असेल, सासुरवाडी आरोपीच्या गावची असेल. सरकारी वकिलांना ‘साक्षीदार फितूर झाला’ असे लिहून द्यावे लागेल. गोव्यातल्या सोळा नावांपैकी किती खटले टिकले हे आठवावे.

कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या गावित भगिनींचा कालक्रमही लेखकाने भिंतीवर लावून ठेवावा. 1996 मध्ये अटक, 2001 मध्ये सत्र न्यायालयाची फाशी, 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब, दयेचा अर्ज वर्षानुवर्षे पडून, आणि त्या दिरंगाईमुळेच जानेवारी 2022 मध्ये उच्च न्यायालयाने शिक्षा जन्मठेपेवर आणली. पंचवीस वर्षांत तपास करणारे निवृत्त झाले, माफीचा साक्षीदार म्हातारा झाला, हरवलेल्या लेकरांच्या आया पन्नाशी-साठीला आल्या. अटकेच्या पानावर पुस्तक संपवणारा लेखक यातले काहीच दाखवत नाही.

स्विस लेखक फ्रीडरिश ड्युरेनमाट यांनी 1958 मध्ये ‘द प्लेज’ या नावाने इंग्रजीत पोचलेल्या कादंबरीत तपास अधिकाऱ्याचा सगळा तर्क अचूक ठरवला आणि तरीही खुनी येणार त्या रस्त्यावर त्याला जन्मभर ताटकळत ठेवले, कारण खुनी वाटेतच मोटार अपघातात मेला होता. रहस्यकथेवर याहून मोठा सूड कुणी उगवला नसेल. नगरच्या कादंबरीसाठी मी इतका निष्ठुर शेवट मागणार नाही. आपल्या हवालदार बाईंना माणूस सापडावा, दोषारोपपत्र मुदतीत जावे, सात खुनांपैकी तीन शाबीत व्हावेत. उरलेल्या चौघींच्या नोंदी अकस्मात मृत्यूतून खुनात वर्ग झाल्या, पण पुराव्याअभावी आरोपी त्यांतून सुटला, असे निकालपत्रात यावे. त्या चौघींपैकी एकीचा तेरा-चौदा वर्षांचा मुलगा निकालाची नक्कल मागायला न्यायालयाच्या नक्कल विभागात जातो आणि तिथला कारकून त्याला विचारतो, अर्जावर तिकीट लावलंय का? हे प्रकरण लेखकाने शेवटून दुसरे ठेवावे. शेवटचे काय असावे ते त्याचे त्याने पाहावे. फक्त लिहायला बसण्यापूर्वी त्याने एक अख्खा गाळप हंगाम श्रीरामपूर-राहात्याच्या पट्ट्यात काढावा, आणि शक्य झाले तर एखाद्या निवृत्त ठाणे अंमलदाराशी ओळख करून घ्यावी. त्यांना सगळे पाठ असते, आणि कुणी विचारायलाही येत नाही.